कर्ण्यातून वाचलेली नावं

"तुमचा कर्णा बोलेल, साहेब. पण ऐकेल का?"

"त्याने ऐकायचं कशाला? बोलायला आणलाय तो."

"मग काम अर्धंच झालं की."

हे भांडण मी ऑफिसच्या खिडकीखाली उकिडवी बसून ऐकलं. खाऱ्या पाण्याचं पिंप घासायला मला तिथे बसवलं होतं, आणि पिंप घासताना हात गुंतलेले असले तरी कान मोकळेच असतात. आत होते इंजिनियर तेलेश. लिस्बनहून महिन्यापूर्वी आलेले, अंगात पांढरा कोट, खिशाला तीन पेनं. त्यांच्यासमोर उभी होती कुश्तोदिया, आमच्या तारलीच्या कारखान्याची हाकारीण. बोटी धक्क्याला लागल्या आणि मासा कारखान्यात येऊन पडला, की डबे भरायला बायकांना घरोघरून बोलावून आणायचं हे तिचं काम. बावीस वर्षं ती ते करत होती. आता साहेबांनी कारखान्याच्या गच्चीवर चार कर्णे बसवायचं ठरवलं होतं, चार दिशांना तोंडं करून. वरच्या खोलीत बसून एकीने यादी वाचायची, अख्ख्या ओल्यांव गावाला ऐकू जाणार.

"कर्णा वाईट नाही हो," कुश्तोदिया म्हणत होती. "मासा आला एवढं त्याने ओरडावं. माझे पाय वाचतील. पण यादी कसली वाचता? ती विम्याच्या रजिस्टरातली नावं. ती कुणाला माहीत?"

"ज्याचं नाव त्याला माहीत नसतं?"

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे नाव दुसऱ्यांच्या तोंडात असतं. स्वतःला कशाला लागतंय?"

साहेब हसले. कुचेष्टेने नाही, खरंच गंमत वाटून. "दोना कुश्तोदिया, तुमची नोकरी जात नाहीये. अंगण झाडायचं काम देतो तुम्हाला. पगार तोच. मग तक्रार काय?"

"पगाराचं कोण बोलतंय? मी विचारतेय, जिला येता येत नाही तिने ते कुणाला सांगायचं? कर्ण्याला?"

"जी येणार नाही तिच्या नावापुढे फुली. तीन फुल्या झाल्या की नाव कमी. सरळ आहे, सगळ्यांना सारखं."

"सरळ आहे खरं. पण आमच्या गल्ल्या वाकड्या आहेत, साहेब."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला तशी मी पिंप टाकून पळाले, ती थेट डबे भरायच्या दालनात. तिथे मी त्या भांडणाचा तमाशा करून दाखवला. कुश्तोदियाला ओठांवर बारीक लव होती. मी बोटाने ओठांवर मिशी काढली आणि तिचा खर्जातला आवाज लावून म्हटलं, "साहेब, कर्ण्याला मिश्या नाहीत, मग तो हाक कसा मारणार?" बायकांना हसू आवरेना. पुढच्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवून विचारलं, "कुणाला काही शंका?" एकटीचाच हात वर गेला. तिने तेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि मागून मी पुन्हा तेच मिशीचं म्हटलं, या वेळी साहेबांच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने. हसण्याची लाट गेटपर्यंत गेली. ती ओसरेपर्यंत कुश्तोदिया थांबली.

"झालं हसून? मग आता उत्तर द्या, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना कामावर पाठवलं.

आता ही कुश्तोदिया कशी होती ते सांगते, म्हणजे मी कुणावर हसले ते कळेल. उंच, हाडकुळी, बारा महिने अंगात भावाचा जुना कोट. नवरा नाही, मूल नाही. आमच्या बारेता भागात दारावर थाप पडली की बाईचं काळीज जागच्या जागी थांबतं, कारण समुद्रावरची वाईट बातमी थापेनेच येते. म्हणून कुश्तोदिया कुणाच्या दाराला हात लावत नसे. गल्लीच्या मधोमध उभी राहायची, टोपणनावाने हाक मारायची, आणि उत्तर आल्याशिवाय हलायची नाही. आमच्यात टोपणनावाशिवाय कुणी नाहीच. तिरळी, कोमट, काजवी, सातपरकर. माझा आवाज खणखणीत म्हणून मी घंटी.

"सातपरकरे! मासा आलाय!"

"पोरगी तापलीय गं मावशी! सासू आली की निघते!"

"सासू कधी यायची?"

"ती काय मला सांगून येते?"

"मग अकराला येते म्हणून सांगते!"

अशी ऐंशी घरं करून ती परत यायची आणि मुकादमीण जेनोवेवासमोर उभी राहून ऐंशी उत्तरं घडाघडा सांगायची. कागद नाही, गाठ मारलेला रुमाल नाही. तिरळीच्या नवऱ्याच्या पायात गळ घुसलाय, ती नाही. कोमट येतेय, पण तिला वाफेजवळ उभी करू नका, दिवस गेलेत, अजून घरी सांगितलेलं नाही तेव्हा तुम्हीही बोलू नका. जे सांगायचं ते सांगायची, बाकीचं गिळायची.

माझंही गिळलं तिने. माझ्या नवऱ्याचा हात लवकर सुटायचा. गालावर निळं उठलं की मी खिडकीतून तोंड न दाखवता ओरडायची, "येते!" तिला आवाजावरून कळायचं. जाऊन मुकादमीणबाईंना सांगायची, "घंटीची दाढ दुखतेय." मग मला मागच्या टेबलाला, भिंतीकडे तोंड करून शेपट्या कापायला बसवायचे आणि कुणी काही विचारायचं नाही. चौथ्या की पाचव्या दाढेनंतर ती माझ्या खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाली, "तुझ्या तोंडात दाढा तरी किती आहेत गं?" त्या दिवशी मी रडता रडता हसले होते. तिच्या मिशीची नक्कल त्यानंतर वर्षाभरात केली.

इंजिनियरसाहेबांबद्दलही खरं ते सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. जेवण उभ्या उभ्या उरकायचे आणि बायकांच्या मनात काय आहे हे कळावं असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यासाठी त्यांनी अंगणात एक लाकडी पेटी टांगली. सूचना लिहून आत टाका म्हणाले. लिहिता येणाऱ्या आम्ही चौघीच. महिन्याने पेटी सगळ्यांसमोर उघडली, तर आतून निघालं काय? एक कात्री, चपलेचा कुजका तळ, मिठाचा ओला गोळा आणि संत अंतोनीचं एक चित्र. साहेबांचा चेहरा पडला.

"ही काय थट्टा आहे?"

झाडू टेकून कुश्तोदिया पुढे आली. "थट्टा नाही. कात्र्या बोथट झाल्यात. अंगणात पाणी तुंबतं, त्याने चपला कुजतात. मीठ ओलं येतंय, वजनात फसवतात तुम्हाला."

"आणि हे संत?"

"ते तुमच्यासाठी असतील. साहेब वाळत चाललेत, जेवत नाहीत, असं बायका म्हणतात."

साहेब कानापर्यंत लाल झाले. पण पुढच्याच आठवड्यात नव्या कात्र्या आल्या, मीठवाला बदलला. कर्ण्यांचं मात्र ठरलं ते ठरलं.

यादी वाचायला मला निवडलं. तीन इयत्ता शिकलेली आणि आवाज घंटीसारखा, आणखी काय हवं? खाली दालनात आम्ही सकाळपासून खाऱ्या पाण्यात उभ्या असायचो. हिवाळ्यात पायाची बोटं कुठे संपतात आणि चप्पल कुठे सुरू होते ते कळायचं नाही. वरच्या खोलीत लाकडी फरशी होती, खुर्ची होती, खिडकी होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन मी चप्पल हातात घेऊन पाहिली. कोरडी. कोरड्या चपलेसाठी माणूस काय काय करतो ते मला विचारा.

पहिली यादी चाळीस नावांची होती. मी बिशपसारखी गंभीर होऊन एकेक नाव वाचलं. मारिया दा एन्कार्नासांव. मारिया दाश दोरेश. मारिया दो रोझारियो. ही सगळी मारियामातेची नावं ऐकून खाली गल्लीत म्हाताऱ्या बायकांना वाटलं चर्चने नवीन काही सुरू केलंय. प्रत्येक नावामागे त्या हात जोडून म्हणू लागल्या, "आमच्यासाठी विनंती कर." समोरच्या न्हाव्याने टोपी काढली. कामाला आल्या एकोणीस जणी, त्यातल्या दोन भलत्याच. इंजिनियरसाहेबांनी प्रत्येकीला नावाचं कार्ड वाटलं, आणि बजावलं की कर्ण्यातून टोपणनाव येता कामा नये, बायकांचा मान राहिला पाहिजे. तेही चांगल्या मनानेच.

दुसऱ्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. चाळीसातल्या अडतीस आल्या. तिसऱ्या आठवड्यात चाळीसच्या चाळीस. साहेबांनी लिस्बनला पत्र लिहिलं आणि मला बिहीच्या फळाच्या गोड वडीचा डबा दिला. घरी सगळ्यांना मी एकेक वडी मोजून दिली आणि सांगितलं, ही माझ्या आवाजाची कमाई.

मग एका सकाळी यादी वाचताना सहज खिडकीतून खाली पाहिलं. कुश्तोदिया झाडू खांद्यावर टाकून गल्लीत उभी होती, मान तिरकी करून, कान कर्ण्याकडे. मी एक नाव वाचलं की ती हाक मारायची, "तिरळे, ती तू!" मी पुढचं वाचलं की, "कोमट, उठ गं, तुला बोलावलंय!" आणि घरांतून उत्तरं येत होती, ती नेहमीसारखी मान हलवून ती साठवत होती. अंगणातलं काम सोडून ती रोज मागच्या दाराने बाहेर पडत होती, आणि मी वाचलेलं सगळ्यांना समजेल अशा भाषेत पुन्हा सांगत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. मला कुणीतरी चारचौघांत कानफटात मारल्यासारखं झालं. बिहीच्या वड्या आठवल्या.

दुपारी साहेब वर आले तेव्हा मी म्हटलं, "अंगण झाडायच्या वेळात दोना कुश्तोदिया बाहेर गेलेली असते." एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराला कामाच्या वेळात कुलूप लागलं. कुणी सांगितलं हे तिने विचारलं नाही. नंतर एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "घंटे, तुझा आवाज आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत येतो. स्वच्छ येतो." त्यावर मी, देवाशपथ, "ओब्रिगादा" म्हणून आभार मानले.

तोवर बहुतेकींना आपापली नावं पाठ झाली होती. एक काजवी सोडून.

काजवी अंगाने एवढीशी, पण डबे भरण्यात तिच्यासारखा हात नव्हता. तारल्या तिच्या बोटांतून आपणहून डब्यात जाऊन झोपायच्या. दोन पोरं, धाकटा अजून अंगावर पिणारा. नवरा कॉड मासे धरणाऱ्या बोटीवर, वसंतात गेला की हेमंतात परत. घरात म्हातारी आई. कारखान्यातलं काम गेलं तर तिघंचौघं खाणार काय हे सगळ्यांना माहीत होतं. मासा थोडा असला की सगळ्यांना बोलवायचे नाहीत. जिचं नाव वाचलं तिनेच यायचं, बाकीच्यांना गेटवरून परत. कुश्तोदिया कुलपाआड गेली आणि काजवी यायची थांबली. तिच्या नावापुढे पहिली फुली पडली.

त्या संध्याकाळी कुश्तोदिया माझ्या खोलीत आली. उंबऱ्याबाहेर चप्पल काढून आली, जणू काही मी कुणी मोठी.

"काजवी तुझ्या यादीत कुठल्या नावाने आहे, ठाऊक आहे ना?"

"पेर्पेतुआ दो कार्मू."

"ती पेर्पेतुआ नाही. पेर्पेतुआ तिची मोठी बहीण. दोन वर्षांची असताना तापाने गेली. मेल्याचं कुणी नोंदवलं नाही. मग ही झाली, तेव्हा नवा कागद करायला जायचं म्हणजे एक दिवस बुडणार, दंड होणार. बापाने जुन्याच कागदावर हिला वाढवली. मी होते तेव्हा घरात. काजवीला यातलं काही माहीत नाही. कारखान्यात आईनेच तिला दहाव्या वर्षी आणून घातली, कागद आईनेच दाखवला."

"मग ते कार्ड?"

"म्हातारीने चुलीत घातलं. आता तुझ्या कर्ण्यातून, आभाळातून, तिची मेलेली पोर नावाने पुकारली जाते. म्हातारी खिडक्या लावून घेते आणि दारात आडवी पडते. लेकीला बाहेर जाऊ देत नाही. काजवीला वाटतं आईला चळ लागला."

"मग सांग ना काजवीला, हे तुझंच नाव म्हणून."

"म्हातारीला शब्द दिलाय. ती आहे तोवर माझ्या तोंडून निघायचं नाही. तुलाही सांगायला नको होतं, पण दुसरा रस्ता नाही. पोटात ठेव." मग ती आणखी जवळ आली. "ते नाव वाचलंस ना, की लगेच म्हण, काजवी. एकदाच. म्हातारी दारातून उठेल, हिला कळेल."

"टोपणनाव घ्यायचं नाही असं साहेबांनी बजावलंय. आणि हळूच तरी कसं म्हणू? कर्णा आहे तो, गावभर ऐकू जाईल."

"त्यासाठीच तर सांगतेय."

मी माझ्या चपलांकडे पाहिलं. "बघते."

ती हलेना. बावीस वर्षांची सवय. "बघते म्हणजे हो की नाही?"

"बघते म्हटलं ना, मावशी."

दुसऱ्या वेळी मी नाव वाचलं आणि पुढे गेले. दुसरी फुली. आणि त्यानंतर काजवीच माझ्याकडे आली, पोर कडेवर घेऊन, बाजारात, कांद्यांच्या ढिगापाशी.

"घंटे, माझं नाव यादीत येतंय का गं? पंधरा दिवस झाले, मला कुणी बोलावलं नाही."

तिच्या पोराने माझी कानातली बाळी धरून ओढली. मी ती सोडवता सोडवता म्हटलं, "यादी साहेब करतात बाई. मी नुसती वाचते."

कुश्तोदियाने पोटात ठेव म्हणून सांगितलं होतं, ते मला फार सोयीचं पडलं. दुसऱ्याचं गुपित मी राखतेय, असं मी स्वतःला समजावलं. काजवी एवढंच विचारत होती की मला बोलावलंय का, आणि त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर लागत होतं.

तिसऱ्या वेळी गुरुवार होता. यादीतलं तेविसावं नाव. मी ते वाचलं, माझ्या त्या स्वच्छ आवाजात, आणि थांबले. खिडकीतून काजवीच्या घराची गच्ची दिसत होती, दोरीवर लंगोट वाळत होते. मी श्वास घेतला, आणि चोविसावं नाव वाचलं. तेवढा तो श्वास कर्ण्यातून गेला. नंतर कोमट मला म्हणाली, "तेविसाव्या नावानंतर खोकला आला का गं तुला?"

शुक्रवारी काजवी न बोलावताच गेटवर आली. पहारेकऱ्याने सांगितलं, तुझं नाव कमी झालं. ती भांडली नाही, ओरडली नाही. गेटच्या बाहेर फूटपाथवर बसली आणि पोराला पाजायला घेतलं. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका खाली बघून आत शिरत होत्या. मीही त्यांच्यातच.

कुश्तोदिया झाडू भिंतीला लावून ऑफिसात गेली. मी जिन्यात होते. या वेळी कुणी मला तिथे बसवलं नव्हतं, माझे मीच पाय थांबले.

"साहेब, अंगण झाडायची माझी जागा त्या बाहेर बसलेल्या बाईला द्या."

"आणि तुम्ही?"

"माझे पाय गेले." तिचे पाय माझ्यापेक्षा धड होते. "अंगणवालीला कुणी पुकारत नाही. मासा असो नसो, रोज सकाळी आपली येते, आपली जाते. तिचं नाव रजिस्टरात जे असेल ते असू दे. ते मोठ्याने वाचायचं नाही, एवढंच मागते."

"का?"

"ते सांगण्यासारखं नाही."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, आणि त्यांचा आवाज साहेबासारखा नव्हता, "पण मला कुणी काही सांगितलंच नाही तर मला कळणार कसं? मी पेटी लावली, कर्णा लावला, दार उघडं ठेवतो. आणखी काय करू?"

"हे तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. तेव्हा मी विचारत होते, तुम्ही हसत होतात."

ते बाहेर आले आणि जिन्यात मी दिसले. "झुल्मीरा, यात काय आहे? तुला माहीत आहे का?"

"नाही साहेब," मी म्हणाले.

दाराच्या चौकटीत कुश्तोदिया उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचायला जायची, गुडघाभर पाण्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. अशी वीस वर्षं जगली. मला वाटेत भेटली की दाढ कशी आहे विचारायची, कारण नवरा माझा सुधारलेला नव्हता. मी तिच्या प्रेतयात्रेत मागे मागे चालले. काजवीने अंगण अकरा वर्षं झाडलं, कारखाना बंद पडेपर्यंत. म्हातारी गेल्यावर कुश्तोदियाने तिला सगळं सांगितलं म्हणतात. सगळं म्हणजे किती, ते विचारायची माझी छाती झालेली नाही. दर ऑगस्टात काजवी मला वाळवलेल्या अंजिरांची टोपली पाठवते, आत बदाम भरलेले. मी खाते. नातवंडांनाही देते.

कर्णे पुढे दोन वर्षांनी खाऱ्या वाऱ्याने गंजले आणि मी परत खाली पाण्यात उभी राहिले.

कुश्तोदियाचा कारखान्यातला शेवटचा दिवस म्हणजे तो शुक्रवार उलटल्यानंतरचा शनिवार. साहेब सकाळीच हो म्हणाले होते. दहाच्या सुमाराला तिने झाडू खुंटीला टांगला, इतक्या उन्हात कोटाची बटणं लावली, आणि पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन मागच्या दाराचं कुलूप काढलं. मी वरून पाहत होते. ती काजवीच्या गल्लीत शिरली आणि मधोमध उभी राहिली.

"काजवे!"

आधी खिडकीतून म्हातारीचं डोकं बाहेर आलं. "कोण? कुणाला बोलावताय?"

"मी गं, कुश्तोदिया. तुझ्या काजवीला बोलावतेय."

म्हातारी आत गेली. गच्चीच्या कठड्यावरून काजवी वाकली, तोंडात कपडे वाळत घालायचे दोन चिमटे.

"सोमवारपासून अंगणात काम आहे! रोजचं! येतेस का?"

काजवीने चिमटे काढले. "अंगणात? मग तू?"

"माझं सोड. येतेस की नाही?"

"येते! पण धाकटा अंगावर आहे, दहाला एकदा घरी जाऊ देतील का?"

"विचारते. आणखी काही?"

"एवढंच!"

ती आली त्याच वाटेने परत गेली, कोपऱ्यावर तिरळीच्या दाराशी थोडी थांबून. मी जिना उतरून दालनाच्या दारापर्यंत आले होते. मुकादमीण जेनोवेवा टेबलाशी डब्यांची रास लावत होती. कुश्तोदिया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, नेहमीच्या जागी.

"काजवी सोमवारी येतेय. दहाला पोराला पाजायला सोडायचं."

"सोडू."

"तिरळीची सासू पहाटे गेली. ती मंगळवारपर्यंत नाही. तिच्यापुढे फुली मारू देऊ नका."

"नाही मारू देत," मुकादमीण म्हणाली, आणि कुश्तोदिया कुलपाची किल्ली पहारेकऱ्याला द्यायला गेली.